तीस मैल खाली

“रावसाहेब, तुम्ही स्वतः खाली हात घालून बघितलाय काय?”

हा प्रश्न ब्राह्मीच्या डोक्यातला नव्हता. तो जयाच्या वहीतून आला. जया आणि मालू या इंग्रजी पाचवीतल्या ब्राह्मीच्या मैत्रिणी. अख्ख्या वर्गात मुली तिघीच, आणि तिघींत मिळून बाक एक. व्याख्यानाला दोन तास होऊन गेल्यावर जयानं वहीच्या कोपऱ्यात हे वाक्य लिहिलं आणि वही गुडघ्यावरून पुढं सरकवली. खाली मालूनं भर घातली की विचारायची छाती नसेल तर महिनाभर आमची दप्तरं तू वाहायची. छाती नसेल, असं ब्राह्मीला कुणी सांगावं? गेल्या दिवाळीपर्यंत ही मुलगी हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा खाली बघायची. पण सहामाहीत गणितात पहिली आली, मुलांच्या तीन बाकांना मागं टाकून, आणि तेव्हापासून तिला आपला आवाज फार आवडायला लागला होता. ती उठली आणि विचारून मोकळी झाली.

आता ही वेळ कशी आली ते सांगायला हवं.

१९३४ सालचा फेब्रुवारी. ऐन संक्रांतीत बिहारात मोठा भूकंप झाला होता आणि वर्तमानपत्रं पडक्या घरांच्या वर्णनांनी भरून येत होती. आपल्या निपाणीलाही यातलं काही कळावं म्हणून हायस्कूलच्या सभागृहात रविवारी दुपारी चार वाजता ‘भूगर्भाचे रहस्य’ या विषयावर रावसाहेबांचं व्याख्यान ठेवलं होतं. रावसाहेब म्हणजे शिक्षणखात्यातून पेन्शनीत निघालेले आणि शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. ज्ञान त्यांच्याकडे होतं, नाही कोण म्हणतो. पण ते ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या उपरण्यासारखं. काढायचं, खांद्यावर टाकायचं, मिरवायचं आणि त्याच घडीवर परत ठेवायचं. उलगडून दाखवा म्हटलं की ते घसा खाकरायचे.

तर पृथ्वीचे थर दाखवायला रावसाहेबांनी पिशवीतून काय काढावं? कांदा. निपाणीत. पुढच्या दोन्ही ओळी जैन तंबाखू व्यापाऱ्यांच्या. कांदा, लसूण, रताळं, जमिनीच्या पोटात वाढतं ते काहीच ज्यांच्या चुलीवर चढत नाही, अशा माणसांच्या नाकासमोर रावसाहेबांनी चाकूनं कांदा उभा चिरला आणि एकेक पापुद्रा सोलून टेबलावर मांडला. पुढच्या खुर्च्या हातभर मागं सरकल्या. रावसाहेबांना वाटलं, विषयाच्या गांभीर्यानं श्रोते हादरले. त्यांनी आणखी एक कांदा काढला.

बरं, कांद्याचं एक वेळ सोसलं असतं. पण दिवस कलायला लागला. ही माणसं दिवस बुडाल्यावर घास घेत नाहीत, पाण्याचा घोटसुद्धा नाही. त्यामुळं सहाच्या सुमाराला सभेत एक प्रकारची चुळबूळ सुरू झाली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत होतं आणि बारा-पंधरा मोठे व्यापारी मान वळवून वळवून त्या उन्हाकडं बघत होते. रावसाहेब भूगर्भात होते, त्यांना ऊन कुठलं दिसायला. ते सांगत होते, “पृष्ठभागापासून सुमारे तीस मैल खाली कवच समाप्त होऊन प्रावरणास प्रारंभ होतो, हे पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी भूकंपलहरींच्या साहाय्याने निर्विवाद सिद्ध केलेले आहे.” कसं सिद्ध केलं? ते नाही. निर्विवाद म्हटलं की झालं.

आणि मग ब्राह्मी उठली.

हा प्रश्न बाहेरगावी विचारला असता तर नुसता आगाऊपणा ठरला असता. निपाणीत तो धर्मवाक्यासारखा लागला. कारण इथं तंबाखू बोदात येते. बोद म्हणजे माणसाच्या छातीएवढं ठासून भरलेलं गोणपाट. वरचा माल सोन्यासारखा दिसतो, आत काय असेल ते देव जाणे. म्हणून इथला व्यापारी बोदाला पोटात फाडतो, कोपरापर्यंत हात घालतो, मधला चुरा मुठीत काढून नाकाला लावतो आणि मग बोलतो. जिथं हात गेला नाही ते इथं खरं नसतं. तेव्हा एवढ्या भुकेल्या वेळी, आपल्याच वखारीतली भाषा एका शाळकरी पोरीच्या तोंडून रावसाहेबांच्या अंगावर गेलेली ऐकल्यावर सभा अशी हसली की कांद्याचे पापुद्रे टेबलावरून उडाले. कुणीतरी बाक वाजवला. श्रीपालशेठ नावाचे एक गलेलठ्ठ व्यापारी तर डोळे पुसत उभेच राहिले आणि उभे राहिलेच आहोत तर म्हणून घरी जेवायला गेले. त्यांच्यामागं सगळी ओळ गेली.

रावसाहेबांनी विचारलं, “मुली, तुझं नाव काय? वडील कोण?” उत्तर नसलं की मोठी माणसं वडिलांचं नाव विचारतात.

वडील तिथंच होते. नेमिनाथ, सगळ्या बाजाराचे नेमाण्णा आणि ब्राह्मीचे आप्पा, दुसऱ्या ओळीत बसून आपल्या टोपीचं अस्तर तपासत होते. ब्राह्मीनं मात्र मान ताठ ठेवून साऱ्या सभागृहावर नजर फिरवली, कोण कोण हसतंय ते मोजून घ्यावं म्हणून. सगळे हसत होते. एकच माणूस नव्हता हसत. दाराशी परशराम उभा होता, तिच्या वडिलांच्या वखारीतला काट्यावरचा तोलार, आप्पांना जेवायची वेळ झाली म्हणून सांगायला आलेला. तो तिच्याकडं बघत होता ते चांगली ताटली हातातून पाडणाऱ्याकडं बघावं तसं.

ते तिला अजिबात आवडलं नाही.

सोमवारी हेडमास्तरांनी आप्पांना बोलावून घेतलं. आप्पा परत आले ते खिशात एक कागद घेऊन. माफीचं पत्र हेडमास्तरांनी स्वतः लिहून दिलं होतं, ब्राह्मीनं ते आपल्या अक्षरात उतरवून सही करायची. ‘मी मुलीच्या जातीस न शोभणारा प्रश्न विचारून विद्वानांचा अवमान केला. याबद्दल मी लज्जित आहे. यापुढे मी सभेत अथवा वर्गात प्रश्न विचारणार नाही.’ शनिवारपर्यंत हे पत्र पोचलं नाही तर नाव पटावरून कमी होणार. निपाणीत दुसरं इंग्रजी हायस्कूल नव्हतं. बेळगाव पंचेचाळीस मैलांवर, तिथं कोण ठेवून घेणार? म्हणजे नाव कमी झालं की शाळा संपली, आणि शाळा संपली की पुढं काय सुरू होतं ते पंधरा वर्षांच्या मुलीला कुणी सांगावं लागत नाही.

आप्पा वाईट माणूस नव्हते. खरं तर त्यांना प्रश्न आवडला होता. त्या दिवशी जेवताना ते दोनदा एकटेच हसले होते. पण आवडलं हे मोठ्यानं म्हणायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. “एक कागद तर हाय गं,” एवढं म्हणून ते कागद देवळीत ठेवून वखारीला गेले. आईचं, म्हणजे चंदनाबाईचं म्हणणं आणखी सोपं होतं. तिच्या मते प्रश्न विचारणं हे शिंक आल्यासारखं असतं, पदर धरला की थांबतं.

ब्राह्मीला भीती वाटली का? पहिले दोन दिवस नाही. पहिले दोन दिवस ती हवेत होती. बाजारपेठेतून जाताना माणसं गादीवरून उठून बघत. ‘नेमाण्णाची पोरगी’ म्हणून बोटं दाखवत. जया आणि मालू तिच्या दोन्ही बाजूंनी अशा चालत होत्या, जणू प्रश्न तिघींनी मिळूनच जन्माला घातला होता. अशी प्रसिद्धी असली तर एका कागदाचं काय घेऊन बसलात, असं तिला वाटत होतं. बुधवारी मात्र जे घडलं त्यानं तिचे पाय जमिनीवर आले.

नदीकाठच्या जत्रेच्या आधी पटकीची सुई टोचायला डॉक्टर पेठेत येऊन बसला होता. ब्राह्मी शाळेतून घरी चालली होती. श्रीपालशेठच्या दुकानापुढं गर्दी दिसली म्हणून ती थांबली. डॉक्टर घसा सुकवून सांगत होता की पाण्यात जंतू असतात, डोळ्याला दिसत नाहीत, त्यांच्यामुळं पटकी होते. श्रीपालशेठ लोडाला टेकून ऐकत होते. त्यांनी सावकाश पान जुळवलं, गालात सारलं आणि विचारलं, “डॉक्टर, तुम्ही सोता हात घालून बघितलाय काय?”

गर्दी रविवारी हसली होती तशीच हसली. डॉक्टरनं सामान आवरलं. श्रीपालशेठची नजर ब्राह्मीवर पडली तशी त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “ही बघा आमची पंडितीण. हिनं शिकवलं आम्हाला. भूकंप न्हाय, जंतू न्हाय, सगळं पुस्तकातलं.” आणि त्यांनी तिच्यापुढं मूठभर फुटाणे धरले, शहाण्या माकडापुढं धरावेत तसे.

तिनं फुटाणे घेतले नाहीत. पण तिथून घरापर्यंत तिला वाटेतलं काही दिसलं नाही. ती रावसाहेबांना तुच्छ समजत होती, त्यात तिला कधी शंका नव्हती. पण ज्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं ते कोण, हे तिनं आजपर्यंत नीट बघितलंच नव्हतं. तो शहाणपणाचा डोंगर श्रीपालशेठ, स्वतःच्या पोटाला हात लावला तरी आपण जेवलो की नाही ते कळत नसेल असला. त्या माणसाच्या तोंडात आपलं वाक्य जसंच्या तसं बसलं, कुठं टोचलं नाही की अडलं नाही. त्याचं वाक्य असावं इतकं. तेव्हा ती घरी न जाता वखारीकडं वळली. ज्यानं हसायचं नाकारलं होतं त्यालाच विचारायचं तिनं ठरवलं.

परशराम मूळचा बेळगावजवळच्या काकतीचा. तिकडं घरची दोन एकर भातशेती, ती थोरल्या भावाकडं. हा तरुणपणी मुंबईला गेला आणि समुद्राकाठच्या एका वेधशाळेत सतरा वर्षं शिपाई होता. गावातल्या कुणाला वेधशाळा म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. डोळे अधू झाले म्हणून परत आला, तेव्हा आप्पांनी त्याला काट्यावर बसवलं. तोलार म्हणजे दिवसभर मण आणि शेर. ब्राह्मी गेली तेव्हा संध्याकाळच्या गाड्या यायच्या आधी तो बोदाला पाठ टेकून भाकरी खात होता.

“परशरामकाका, रविवारी तुम्ही हसला नाही.”

“हसण्यासारखं काय हुतं?”

“सगळी सभा हसली.”

“सभंला भूक लागली हुती.” त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. “आक्का, त्यो रावसाहेब बोलला ते खरं हाय. तीस मैल. दोन-चार इकडं-तिकडं. कशावरनं, ते त्येला ठावं न्हाय. आनि तुलाबी ठावं न्हाय. त्यो न समजता बोलला, तू न समजता हसवलंस. आता तुमच्या दोघांतला हुशार कोन, ते मला नगं इचारू.”

कुणी तिच्याशी असं बोललं नव्हतं. निदान सहामाहीनंतर तरी नाही. तिनं फणकाऱ्यानं विचारलं की मग तुम्हाला तरी कशावरून ठाऊक, तुम्ही गेला होता काय तीस मैल खाली? आणि वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर तिला तोच श्रीपालशेठचा सूर आपल्या घशात ऐकू आला. परशरामाला बहुतेक ते कळलं, कारण तो उठला, हात धुतले आणि मागच्या कोनाड्यातून वेळूची एक नळी घेऊन आला.

नळीत गुंडाळलेला कागद होता, काळाकुट्ट. तो म्हणाला की सतरा वर्षं रोज सकाळी हेच काम. रॉकेलच्या धुरावर कागद धरून काजळी चढवायची, तो डब्यावर गुंडाळायचा, डबा घड्याळाच्या चालीनं फिरतो, आणि एक सुई काजळीवर टेकून पांढरी रेघ ओढत बसते. जमीन थरथरली की सुई थरथरते. दुसऱ्या दिवशी कागद काढायचा, चपडी लाखेच्या द्रावात बुडवून वाळवायचा, म्हणजे काजळी पुसत नाही. हा कागद कोपऱ्यात फाटला म्हणून साहेबानं टाकून दिला आणि त्यानं ठेवून घेतला. दारातल्या उजेडात धरून त्यानं बोट ठेवलं. सरळ पांढरी रेघ चालली होती. एका जागी ती मुंगीच्या पायाएवढी हलली. थोडं पुढं जाऊन दांडगी हलली.

“धक्का एकच. निरोप दोन. बारीक आधी, दांडगा मागनं. का?”

ब्राह्मीनं दोन्ही थरथरींवरून बोट फिरवून बघितलं.

मग परशरामानं खडू घेतला आणि वखारीच्या काळ्या दारावर दोन आडव्या रेघा मारल्या. वरची रेघ म्हणजे आपल्या मळ्यातून नदीकाठानं गावोगाव जाणारी गाडीवाट. खालची रेघ म्हणजे पुण्या-बंगळूरची सडक. मळ्यातून दोन गडी एकदम निघाले. एक बैलगाडीत बसून वाटेवाटेनं सरळ चालला, तासाला तीन मैल. दुसरा आडरानातून पायी सडकेला गेला, तासाला तीनच मैल, तिथं सर्व्हिस मोटार धरली, पंधरा मैलांनी पळाला, गावासमोर उतरला आणि तेवढंच अंतर चालत गावात आला. मोटार वेळेवर आली असं धरायचं, म्हणाला तो, आणि यावर स्वतःच तोंड वाकडं केलं.

“जवळच्या गावाला कोन आधी पोचतो?”

“गाडीवाला. मोटारवाल्याचा वेळ चालण्यातच गेला.”

“लांबच्या?”

“मोटारवाला.” आणि इथं तिच्या डोक्यात काहीतरी सरकलं. “म्हणजे मध्ये कुठंतरी असं गाव हाय, जिथं दोघं एकदम पोचतात.”

“हाय. समज, दहा मैलांवर. आता समज, सडक तू कवा बघितलीच न्हाईस. डोंगराआड हाय. गावोगावच्या पाटलांनी नुसतं कळवलंय, अमका अमक्या वेळंला आला, तमका तमक्या. सांग, सडक वाटंपासनं किती लांब?”

तिनं त्याच्या हातातून खडू घेतला. गाडीला दहा मैलांना तीन तास वीस मिनिटं. मोटारीत दहा मैलांना चाळीस मिनिटं. राहिले दोन तास चाळीस मिनिटं, ते सगळे चालण्याचे. तासाला तीन मैल, म्हणजे चालणं आठ मैल. जाताना निम्मं, येताना निम्मं. तिनं दारावर मोठा चारचा आकडा काढला आणि त्याच्याकडं बघत राहिली. सडक चार मैलांवर. कुणी बघितली नाही, कुणी पाय ठेवला नाही, कुणी हात घातला नाही, आणि चार मैल म्हणजे चार मैल.

परशराम सांगत होता की पंचवीस वर्षांखाली युरोपात एका वेधशाळेतल्या माणसानं हेच केलं. एका भूकंपाच्या वेळा वेगवेगळ्या गावांच्या वेधशाळांतून गोळा केल्या आणि मांडून बघितल्या. जवळच्या ठिकाणी वरच्या कवचातून सरळ चाललेला निरोप आधी पोचला होता. लांबच्या ठिकाणी मात्र दुसराच एक आधी येऊन टेकला होता, बारीक पण पळणारा. तो खाली उतरून, तिथल्या जड घट्ट खडकातून धावून, परत वर आलेला. त्या पळणाऱ्या निरोपावरून कळलं की खाली दुसरा खडक सुरू होतो, आणि किती खाली तेही. मुंबईचा साहेब दर वर्षी कॉलेजातल्या पोरांना हे सांगायचा. पोरं जांभया द्यायची. परशराम मागं उभा राहून काजळी चढवायचा आणि ऐकायचा. सतरा वर्षांत त्यानं ते सतरा वेळा ऐकलं होतं. सडक आणि गाडीवाट मात्र त्याची स्वतःची होती, ती इथं आल्यावर काट्यावर बसल्या बसल्या सुचलेली.

“हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?”

“कुनी इचारलं?” म्हणून त्यानं काटा ओढला, कारण दारात पहिली गाडी आली होती.

ब्राह्मी घरी गेली ती उडत. तिला इतका आनंद झाला होता की तो कुठं ठेवावा ते कळेना, आणि त्याच आनंदाच्या पोटात लाजही होती, तिचं काय करावं तेही कळेना. गुरुवारी शाळेत तिनं जयाला आणि मालूला बाकावर बसवून सगळं सांगितलं. मालू प्रावरण म्हणजे काहीतरी नेसायचं असतं अशा समजुतीत होती आणि तिला त्यातून बाहेर यायची घाई नव्हती. जयानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे मोटारीनं गेलं की लवकर पोचतं. हे तर सगळ्यांनाच म्हाईत हाय की गं.” मग दोघींनी तिला प्रेमानं समजावलं की माफीचं पत्र लिहून टाक, शेवटचं वाक्य कोण वाचतंय. पैज लावताना या दोघींचा आवाज केवढा होता. ब्राह्मीला आठवलं की पैजेत दप्तरं पणाला लागली होती; शाळा लागली होती ती एकटीची.

तरी तिला आशा होती. तिला वाटलं, रावसाहेब कितीही फुगलेले असले तरी शेवटी शिकलेला माणूस. त्यांचंच म्हणणं खरं होतं, हे त्यांना जाऊन सांगितलं, का खरं होतं तेही सांगितलं, तर त्यांना आनंदच होईल. गुरुवारी शाळा सुटल्यावर ती त्यांच्या घरी गेली. रावसाहेब झोपाळ्यावर होते. तिनं पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं की तुमचे तीस मैल बरोबर आहेत, मी चुकले. आणि सडकेचं गणित सुरू केलं. गाडीवाला अजून मळ्यातून निघतो न निघतो तोच त्यांनी हात वर केला.

“हे कोणत्या पुस्तकात आहे?”

“पुस्तकात नाही. आमच्या वखारीतले परशरामकाका आहेत, त्यांनी...”

“तंबाखू जोखणारा?” रावसाहेबांनी झोपाळा थांबवला. आता त्यांना खरोखरच मजा वाटत होती. “मुली, जे निर्विवाद सिद्ध आहे ते मला तंबाखू जोखणाऱ्याकडून शिकायचं नाही. आणि तुलाही नको. पत्र आणलंस का?”

तिनं नाही म्हटलं. त्यांनी झोपाळ्याला पुन्हा पायानं रेटा दिला आणि अगदी मायेनं सांगितलं की त्या पत्रातलं शेवटचं वाक्य त्यांनीच घालायला लावलं होतं, तिच्या भल्यासाठी. मुलीनं ऐकून घ्यायला शिकलं की सगळं सोपं जातं.

ती परत निघाली तेव्हा तिला राग आला नव्हता. राग यायला समोर कुणीतरी लागतं. श्रीपालशेठ म्हणतात, हात घातल्याशिवाय काहीच खरं नाही. रावसाहेब म्हणतात, पुस्तकात आहे म्हणून सगळं खरं. एक विचारतो ते उत्तर नको म्हणून, दुसरा सांगतो ते प्रश्न नको म्हणून. दोघांना एका झोपाळ्यावर बसवलं तर गावभर कुणाला फरक कळायचा नाही. आणि या दोघांपैकी कुणाची तरी होऊन राहा, एवढंच तो देवळीतला कागद सांगत होता.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी घरात पाटपाणी झालं. आई भाकरी वाढत होती. आप्पांनी पहिला घास घेण्याआधी देवळीतला कागद काढून तिच्या पाटाशेजारी ठेवला, दौत-टाकही ठेवला आणि दुसरीकडंच बघत म्हणाले की जेवून झालं की उतरवून काढ, सकाळी मी पोचता करतो. ब्राह्मीनं कागदाची घडी घातली आणि दौतीखाली सरकवली. मग ओच्यातून दुसरा कागद काढला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, आणि तो आप्पांच्या ताटाजवळ ठेवला. आप्पांनी डोळ्यांवर चष्मा चढवला. त्यांना आधी आकडे दिसले, मग दोन आडव्या रेघा, मग आपल्या तोलाराचं नाव. त्यांनी मान वर केली तेव्हा आई भाकरी हातात धरून तशीच थांबली होती.

“आप्पा, आई, माझं ठरलंय,” ब्राह्मी म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा शांत निघाला. “माफी मी मागणार हाय. रावसाहेब बोलले ते खरं हुतं आणि मी ते समजून न घेता सभंला हसवलं, एवढ्याचीच. ते पहिल्या ओळीत लिवलंय. त्येच्याखाली ते का खरं हाय ते लिवलंय, परशरामकाकांच्या नावानिशी, आणि ह्याचीच एक नक्कल श्रीपालशेठच्या दुकानात मी स्वतः वाचून दाखवणार. पण यापुढं प्रश्न विचारणार न्हाय, हे मी लिवणार न्हाय. उद्या त्यांनी नाव कमी केलं तर करूदेत. मी वखारीत काट्याशेजारी बसून अभ्यास करीन, मॅट्रिकला बाहेरून बसीन, परीक्षेला बेळगावला जाईन. आणि आप्पा, हे पत्र द्यायला मी एकटी जाणार न्हाय. तुमी माझ्यासंगट यायचं हाय.”